ज्वारी, जोळ आणि ग्रंथपालांचा तास

प्रवेशाचे दिवस आले की आपल्याकडच्या घराघरांत हैदराबादचे नाव निघते. बीदर, भालकी, बसवकल्याण, उदगीर, निलंगा या पट्ट्याला पुणे-मुंबई लांब आणि बेंगळूरही लांब. मोठे आजारपण आले की धाव हैदराबादकडे, आणि मुलामुलींना नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, सार्वजनिक आरोग्य किंवा पुढे संशोधन करायचे असले तरी पहिली चौकशी तिकडचीच. या चौकशीत आईवडील काय काय विचारतात याची यादी मला आता पाठ झाली आहे. फी किती, हॉस्टेल कसे, मेसमध्ये भाकरी मिळते का, कॉलेजचे स्वतःचे हॉस्पिटल आहे का, नोकरी लागते का. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. एक प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही : तिथल्या लायब्ररीत मुलांना शिकवणारे कुणी आहे का?

लायब्ररीत शिकवायचे ते काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्या मनातली लायब्ररी म्हणजे कपाटे, शिक्के, रजिस्टर आणि ‘शांतता राखा’ची पाटी. ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारे आणि उशीर झाला की दंड घेणारे गृहस्थ. पण गेल्या काही वर्षांत एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला आहे. अनेक विद्यापीठांत ग्रंथपाल वर्गात उभे राहून शिकवतात, हजेरी घेतात आणि त्यांच्या विषयाला इतर विषयांसारखी क्रेडिट मिळतात. आरोग्यशास्त्रांच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा बदल फार मोलाचा आहे असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात, पण मुलांच्या तोंडी क्रेडिटच आहे. ढोबळमानाने पंधरा तासांच्या शिकवण्याला एक क्रेडिट. ठरलेली क्रेडिट जमली नाहीत तर पदवीची गाडी पुढे सरकत नाही. म्हणून ज्या विषयाला क्रेडिट आहे तो विषय मुले टाळू शकत नाहीत.

डिसेंबर २०१९मध्ये यूजीसीने सर्व विद्यापीठांना कळवले की पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतीचा एक अभ्यासक्रम पूर्ण केलाच पाहिजे. तास ३०, क्रेडिट २, घटक सहा. तीन घटक तत्त्वांचे : तत्त्वज्ञान आणि नीतीला ३ तास, शास्त्रीय आचरणाला ५ आणि प्रकाशनाच्या नीतीला ७. उरलेले तीन घटक हाताने करून शिकण्याचे : सर्वांना खुले असणारे प्रकाशन ४ तास, प्रकाशनातले गैरप्रकार ४ तास, आणि माहितीचे साठे व संशोधन मोजण्याची मापे ७ तास. म्हणजे निम्मे तास प्रात्यक्षिकाचे. नोव्हेंबर २०२२च्या पीएच.डी. नियमांतही हा अभ्यासक्रम किमान १२ क्रेडिटच्या कोर्सवर्कचा भाग म्हणून कायम राहिला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या अभ्यासक्रमाची बांधणी पुण्याची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रकाशन-नीती केंद्राचे नाव त्याच्या सांकेतिक क्रमांकातच आहे, आणि यूजीसीचे त्या वेळचे उपाध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी या कामाचा पाठपुरावा केला.

आता हे प्रात्यक्षिकाचे तास घ्यायचे कुणी? रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना रसायन येते, डॉक्टरांना शरीर येते. पण जगभरच्या लाखो शोधनिबंधांतून हवा तो निबंध कसा काढायचा, कोणते नियतकालिक खरे आणि कोणते बनावट, आपले वाक्य कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे रोजचे काम करणारा माणूस संस्थेत एकच असतो. तो म्हणजे ग्रंथपाल. म्हणून ठिकठिकाणी हे तास त्यांच्याकडे आले.

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी हैदराबादेत पोषणशास्त्रात पीएच.डी. करते. आमच्या घरात सासूबाई कन्नड बोलतात, आम्ही मराठी, आणि मुले दोन्हीची खिचडी. ती मला चिक्कम्मा म्हणते. एकदा फोनवर मोठ्या उत्साहाने सांगू लागली, “चिक्कम्मा, लायब्ररीच्या मॅडमनी आज तासाला काय विचारलं माहितेय? ज्वारीला तुमच्या घरी काय म्हणतात!” वर्गात कुणी जोन्नलु म्हणाले, कुणी जवार, कुणी चोळम. हिने ज्वारी आणि जोळ अशी दोन्ही नावे सांगितली. मॅडम म्हणाल्या, हाच तुमचा पहिला धडा. एकाच वस्तूची जेवढी नावे तेवढ्या दारांतून आत गेलात तरच घर सगळे दिसेल.

त्या तासाला त्यांनी जे करून दाखवले ते असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘पबमेड’ नावाचा मोठा साठा आहे. १९९७पासून तो कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येतो. त्यात वैद्यकीय निबंधांच्या कोट्यवधी नोंदी आहेत. ज्वारीवर लिहिणारे जगभरचे लोक तिला आपापल्या नावाने लिहितात : सोरघम, जोवार, मायलो, दुर्रा, ग्रेट मिलेट. मथळ्यातला एकच शब्द धरून बसलात तर बाकीच्या नावांनी लिहिलेले निबंध हातचे जातात. म्हणून त्या ग्रंथालयाने १९६०पासून प्रमाण शब्दांची एक सूची ठेवली आहे. निबंधावर सूचीतला शब्द चिकटवला जातो. ज्वारी कोणत्याही नावाने लिहिली असो, तिच्यावर चिठ्ठी ‘सोरघम’ची. विद्यार्थ्याने ती चिठ्ठी शोधायची, शिवाय लोकांतली सगळी नावे ‘किंवा’ने बांधायची आणि मग ‘आणि’ लावून आजाराचे नाव जोडायचे. ‘किंवा’ने जाळे पसरते, ‘आणि’ने ते आवळते.

दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना हे चटकन कळते, असा माझा अनुभव आहे. आजीने ‘उप्पु’ मागितले तर मीठ द्यायचे आणि आईने मीठ मागितले तरी तेच द्यायचे, हे त्यांना तिसऱ्या वर्षीच माहीत असते.

मॅडमनी ज्वारीच का निवडली, यालाही हैदराबादेतलेच कारण होते. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८मध्ये कुन्नूरला लहानशा प्रमाणात सुरू झालेले हे काम १९५८मध्ये हैदराबादला आले. दख्खनच्या या पठारावर ज्वारी खाऊन राहणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा आजार दिसत होता. उन्हाने उघडी कातडी काळवंडायची, जुलाब व्हायचे, काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा आजार जगात मुख्यतः मका खाणाऱ्यांत माहीत होता. संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहून मांडले की ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचे जास्त प्रमाण याला कारणीभूत असावे. निबंध जगभर वाचला गेला. पुढे इतरांनी प्रयोग केले, तेव्हा सगळ्यांच्या हाती तोच निष्कर्ष आला नाही आणि वाद बरीच वर्षे चालला.

आता विचार करा. एखाद्या मुलीने १९६०चा तेवढाच निबंध वाचला तर ती उद्या आपल्याला सांगेल की ज्वारी वाईट. दुसरीने नंतरचा एकच विरोधी निबंध वाचला तर ती सांगेल की गोपालन चुकले. दोघींनीही एकेकच दार उघडलेले. सगळी दारे उघडणारीला दिसेल की हा आजार जवळजवळ नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांचा होता. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दाणे, ताक मिळणाऱ्या घराने घाबरायचे कारण नाही. प्रश्न धान्याइतकाच गरिबीचाही होता. आपल्या ताटातल्या भाकरीबद्दल उद्या सल्ला देणारी आहारतज्ज्ञ यांपैकी कोणती असावी, हे तुम्हीच ठरवा.

शोध अपुरा राहिला तर काय होते, याचे वैद्यकाच्या जगात नेहमी सांगितले जाणारे उदाहरण २००१ सालचे आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित संस्थेत दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. त्यात निरोगी माणसे स्वेच्छेने भाग घेत. एलन रोश ही चोवीस वर्षांची तरुणी त्यांपैकी एक. तिथेच प्रयोगशाळेत काम करणारी. प्रयोगात तिला हेक्सामेथोनियम नावाचे औषध श्वासावाटे दिले गेले. तिची फुप्फुसे बिघडत गेली आणि २ जून २००१ रोजी ती वारली. प्रयोग करणाऱ्यांनी आधीचे संशोधन शोधले होते. पण त्या वेळी पबमेडमध्ये १९६६च्या पुढचेच निबंध होते, आणि या औषधाने फुप्फुसांना झालेल्या इजांची वर्णने होती १९५०च्या दशकातली. ती जुन्या छापील सूच्यांत होती. मृत्यूनंतर इतरांना ती सापडलीही. चौकशीत संमतिपत्रापासून इतरही त्रुटी निघाल्या, तेव्हा सगळा दोष एका अपुऱ्या शोधावर टाकणे बरोबर नाही. पण त्या घटनेने वैद्यकीय ग्रंथपालांच्या कामाकडे जगाचे लक्ष गेले. कोणत्या साठ्यात काय आहे यापेक्षाही काय नाही, हे ठाऊक असणारा माणूस त्या खोलीत असायला हवा होता, असे तेव्हा अनेकांना वाटले.

आणि गंमत पाहा. त्या वर्षी हैदराबादच्या एखाद्या विद्यार्थ्याने केवळ पबमेडवर भरवसा ठेवून ज्वारीचा शोध घेतला असता, तर तारनाक्याचाच १९६०चा निबंध त्याच्या नजरेतून सुटला असता. पुढे जुन्या नोंदी त्यात भरल्या गेल्या. पण प्रत्येक साठ्याला कुठे ना कुठे कुंपण असतेच. ते कुठे आहे हे सांगणारा कुणी हवा.

शोधण्याइतकीच दुसरी बाजू आहे छापण्याची, आणि तिथे हैदराबादचा संबंध फार जवळून येतो. ज्या शहरात संशोधनाच्या एवढ्या नामवंत संस्था आहेत, त्याच शहरातून ‘ओमिक्स’ हा प्रकाशन व्यवसाय वाढला. शेकडो नियतकालिके आणि जगभर परिषदा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०१६मध्ये तिथल्या न्यायालयात त्यांच्यावर दावा लावला. निबंध तज्ज्ञांकडून तपासले जातात हा दावा फसवा, पैसे किती लागतील हे आधी सांगितले जात नाही, आणि नामवंतांची नावे त्यांच्या संमतीशिवाय वापरली जातात, असे त्यात म्हटले होते. मार्च २०१९मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. २०२०मध्ये वरच्या न्यायालयानेही तो कायम ठेवला.

पैसे घेऊन तपासणीविना काहीही छापणाऱ्या अशा प्रकाशकांना ‘भक्षक’ हे नाव कुणी दिले? एका ग्रंथपालाने. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे जेफ्री बील यांनी २०१०मध्ये हा शब्द वापरला आणि संशयास्पद प्रकाशकांची यादी ठेवायला सुरुवात केली. २०१३मध्ये ओमिक्सच्या बाजूने त्यांना एक अब्ज डॉलरच्या दाव्याची धमकी देणारे पत्र गेले. एकट्या माणसाच्या निवाड्यावर चाललेल्या त्या यादीवर टीकाही झाली, आणि जानेवारी २०१७मध्ये ती इंटरनेटवरून काढली गेली. पण धोक्याची घंटा पहिल्यांदा जोरात वाजवली ती कपाटामागच्या माणसाने, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडेही तसेच झाले. यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची तपासणी मार्च २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. तपासणाऱ्यांत डॉ. पटवर्धन यांच्याबरोबर पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागातल्या शुभदा नगरकर होत्या. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी जी नियतकालिके त्यांनी पाहिली त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ नावे काढून टाकली. पुढे २०१९मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केल्याचे जाहीर झाले. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे. यादी हातात होती तेव्हा नुसते नाव आहे की नाही एवढेच पाहायचे होते. आता नजर तयार करावी लागणार, आणि नजर शिकवावी लागते.

यात आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. बनावट नियतकालिकात छापलेला औषधाचा निबंध तिथेच पडून राहत नाही. कुणी तो उचलतो, दुसऱ्या निबंधात त्याचा आधार देतो, आणि फिरत फिरत तो एखाद्या सल्ल्यात येऊन बसतो. नामांकित ठिकाणीही चूक होते. कोरोनाच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२०ला एक मोठा निबंध आला. त्यातल्या आकड्यांची खात्री देता येईना म्हणून ४ जूनला तो मागे घेतला गेला. मागे घेतलेला निबंध इंटरनेटवर दिसत राहतोच, फक्त त्यावर तशी नोंद असते. ती नोंद पाहायची सवय लागणे हाही या अभ्यासाचाच भाग. त्यात आता यंत्राची भर पडली आहे. प्रश्न विचारला की झटपट उत्तर देणारी नवी साधने मुलांच्या मोबाइलमध्ये आहेत. ती कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, लेखक आणि सालासकट ऐटीत देतात. असा निबंध खरोखर आहे की नाही, हे तपासण्याची रीत ग्रंथपालांच्या तासाला शिकवता येते.

“पण हे सगळं एका दिवसाच्या शिबिरात सांगता येत नाही का? त्यासाठी क्रेडिट कशाला?” असे मी माझ्या पुतणीला विचारले. ती हसली. म्हणाली, “चिक्कम्मा, शिबिराला निम्मी मुलं चहापर्यंत थांबतात. क्रेडिट आहेत म्हणून सगळी बसतात. आणि मॅडमनी दिलेलं काम करून आणावं लागतं, ते त्या तपासून परत देतात. चुकलेलं दुसऱ्यांदा करावं लागतं.” मला वाटते खरे उत्तर तिच्या शेवटच्या वाक्यात आहे. पोहणे जसे काठावर उभे राहून ऐकून येत नाही तसेच शोधणेही. करायचे, चुकायचे, कुणी तरी ती चूक दाखवायची, पुन्हा करायचे. यासाठी वेळापत्रकात जागा लागते आणि क्रेडिटमुळे ती जागा मिळते.

क्रेडिटने आणखी एक गोष्ट होते. शिकवणाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत ग्रंथपालांची गणना शैक्षणिक कर्मचाऱ्यांत आहे. पदव्युत्तर पदवी आणि नेट परीक्षा त्यांनाही लागते, आणि सुरुवातीची वेतनश्रेणी सहाय्यक प्राध्यापकाएवढीच आहे. तरीही कॉलेजच्या बैठकीत त्यांची खुर्ची कडेला असते आणि त्यांच्या नावापुढे ‘सर’ लावताना काही जणांची जीभ अडखळते. वर्ग घेणाऱ्या, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या ग्रंथपालांना मुले शिक्षक मानतात. मग अडले की विचारायलाही येतात. पुस्तक देणाऱ्या माणसाला आपले अज्ञान सांगायला लाज वाटते, शिक्षकाला सांगायला तेवढी वाटत नाही.

सगळे छान चालले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी एकाच ग्रंथपालावर सगळ्या लायब्ररीचा भार असतो आणि शिकवण्याचे तास वरून पडतात. काही ठिकाणी हा अभ्यासक्रम म्हणजे पाठ करून उतरवण्याचा आणखी एक पेपर होऊन बसतो. आणि सगळ्यात मोठी उणीव ही, की सक्तीची ही दोन क्रेडिट पीएच.डी.पाशी येऊन मिळतात. रुग्णाच्या उशाशी उभे राहणारे बहुतेक लोक पीएच.डी. करतच नाहीत. एमडी, एमएस करणाऱ्यांना संशोधन-पद्धतीचा एक अभ्यासक्रम सक्तीचा आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला. तो चांगला आहे, पण ऑनलाइन आहे. शेजारी बसून “हा शब्द का घेतलास?” असे विचारणारे त्यात कुणी नाही. बीएस्सी नर्सिंगचा २०२१चा सुधारित अभ्यासक्रम क्रेडिटवर चालतो आणि त्यात आरोग्य-माहितीशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे. पण तो शिकवताना लायब्ररीला सोबत घ्यायचे की नाही, हे त्या त्या कॉलेजवर अवलंबून. अमेरिकेत काही विद्यापीठांतले ग्रंथपाल आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक-दोन क्रेडिटचे विषय स्वतः शिकवतात. आपल्याकडे पहिल्या पदवीच्या पातळीवर तसे करायला वाव पुष्कळ आहे.

आणि आता तर निमित्तही आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, आणि ती ६,३००च्या आसपास सरकारी संस्थांना खुली. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलालाही मोठमोठी नियतकालिके वाचता यावीत, ही कल्पना उत्तम आहे. पण विहीर खणली म्हणून पाणी घरात येत नाही. दोर आणि घागर लागते, शेंदता यावे लागते. एवढा पैसा नियतकालिकांवर खर्च होत असताना ती वापरायला शिकवणाऱ्याच्या वेळाची तजवीज व्हायला नको का?

हैदराबादला ग्रंथालयांची परंपरा काही नवी नाही. सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१मध्ये सुरू झाले. निजामाच्या राजवटीत जनतेच्या भाषांना शाळांत फारशी जागा नव्हती, तेव्हा ग्रंथालये हीच लोकांची शाळा झाली. त्या ग्रंथालय चळवळीत वावरलेले एक कवी म्हणजे काळोजी नारायण राव. त्यांचा जन्म १९१४चा, कर्नाटकातल्या रट्टीहळ्ळीचा. वडील मराठी, आई कन्नड, आणि स्वतः तेलुगूचे मोठे कवी. ९ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस तेलंगणात भाषा दिन म्हणून पाळतात. वरंगळच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले आहे. हैदराबादच्या उस्मानिया आणि गांधी या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांच्या पदवीवर हे नाव असते. आपल्यासारख्याच दुभाषी घरातला, ग्रंथालयांसाठी राबलेला एक माणूस डॉक्टरांच्या पदवीवर आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

तेव्हा वाचकहो, यंदा प्रवेशाच्या चौकशीला जाल तेव्हा यादीत चार प्रश्न वाढवा. लायब्ररीत पूर्णवेळ ग्रंथपाल आहेत का? ते विद्यार्थ्यांचे तास घेतात का, आणि त्या तासांना क्रेडिट आहेत का? कॉलेज खाजगी असेल तर कोणती वैद्यकीय नियतकालिके वाचायला मिळतात, कारण सरकारी योजनेच्या पहिल्या टप्प्यात खाजगी संस्था नाहीत. आणि प्रबंध किंवा प्रकल्प करताना मुलांना आधीचे संशोधन शोधायला कोण मदत करते? काउंटरवरचा माणूस कदाचित चमकून पाहील. पण दहा पालकांनी हेच विचारले तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असेल. आपली मुलगी ज्या लायब्ररीत शोधायला शिकेल, त्याचा उपयोग शेवटी कुणा तरी आजाऱ्यालाच होणार आहे. तो आजारी आपल्याच गावचा, आपल्याच गल्लीतलाही असू शकतो.